तीन नंबरवरचा मोजा

पुरवणी जबाब. तारीख १८, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लिहायला सुरुवात.

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, हिरे वाढवण्याच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर, राहणार कारखान्यामागची कामगार वसाहत, तिसरी इमारत, तळमजला, आज आपणहून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, या महिन्याच्या ९ तारखेला कारखान्यात जो स्फोट झाला त्याबद्दल मी त्याच संध्याकाळी एक जबाब दिला आहे. तो मला आज वाचून दाखवला. त्यातली दोन वाक्यं चुकीची आहेत. दिली तेव्हा मला ती खरी वाटत होती. १३ तारखेला ती खोटी असल्याचं मला कळलं, आणि त्यानंतर पाच दिवस मी तोंड शिवून बसले. म्हणून हा दुसरा जबाब.

माझं सांगणं माझ्या शब्दांत लिहावं अशी मी फौजदार साहेबांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. मागच्या वेळी 'सिलिंडर फुटून' असं लिहिलं गेलं होतं. सिलिंडर एकही फुटलेला नाही. बारा सिलिंडर बाहेरच्या जाळीत आजही धडधाकट उभे आहेत, कोणीही जाऊन मोजावेत. आणि जिथे जिथे 'मयत इसम' लिहिलं आहे तिथे भाऊजी लिहा. ते माझे सख्खे धाकटे दीर होते, वय ४१.

मी कारखान्यात अकरा वर्षं आहे. भाऊजींना नऊ वर्षं झाली होती. मीच त्यांना तिथे चिकटवलं. ते मला वहिनी म्हणत, म्हणून हळूहळू सगळा कारखाना मला वहिनी म्हणायला लागला, मालकसुद्धा. मी वाढीच्या हॉलमध्ये मशीन एक ते सहा बघते. भाऊजी देखभालीला होते, म्हणजे पाइप, झडपा, पंप, सगळं त्यांच्याकडे. आमच्या घरी कोणाला काही दुरुस्त करून हवं असेल तर रविवारी त्यांच्याकडे रांग लागायची. एक स्क्रू तीनदा तपासणारा माणूस. आम्ही त्यावरून त्यांची फार चेष्टा करायचो. दार लावलं की परत येऊन कडी हलवून बघणार. माझी जाऊ म्हणायची, "यांच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे अर्धा तास कडीला द्यायचा."

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मशीनमध्ये हिरा खालीलप्रमाणे वाढतो. आत एका ताटलीवर हिऱ्याच्याच, नखाएवढ्या पातळ चकत्या ठेवतात. त्यांना आम्ही बी म्हणतो. हवा काढून टाकतात आणि गॅस सोडतात. शंभरात पंच्याण्णव-शहाण्णव भाग हायड्रोजन आणि उरलेला मिथेन. मिथेन म्हणजे घराघरांत पाइपातून शेगडीला येतो तोच गॅस. मायक्रोवेव्ह सोडले की तो सगळा गॅस पेटल्यासारखा होऊन बियांच्या वर एक गोळा तयार होतो. आम्ही त्याला गोळाच म्हणतो. मिथेनमधला कार्बन सुटून बीवर बसायला लागतो. पण कार्बन सरळ वळणाचा नाही. त्याला हिरा होण्यापेक्षा काजळी होणं सोपं जातं. तिथे हायड्रोजन कामाला येतो. गोळ्यात त्याचे अणू सुटे होतात आणि ते काजळी खाऊन टाकतात. हिराही थोडा खातात, पण फार सावकाश. काजळी खाल्ली जाते, हिरा उरतो. तासाला केसाच्या जाडीपेक्षाही कमी वाढतो. तीन-साडेतीनशे तास तो गोळा विझू द्यायचा नाही.

साहेब म्हणाले की एवढं सांगायची गरज नाही. गरज आहे. स्फोट झाला तेव्हा मी हेच बोलत होते. पुढे येईल.

गोळा मध्येच विझला तर हिऱ्यात रेघ पडते. पुन्हा पेटवला तरी ती रेघ जात नाही, भिंगाखाली दिसते, माल बाद. आमच्या हॉलच्या छताला, तीन नंबरच्या मशीनच्या वर, हायड्रोजन ओळखणारा सेन्सर आहे. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, तो हलका म्हणून वर जातो, आणि सेन्सरला थोडा जरी लागला तरी भोंगा वाजून सहाही मशीनचा गॅस आपोआप बंद होतो. ही सोय चांगलीच आहे. पण तो सेन्सर स्पिरिटच्या वाफेनेही वाजतो. मशीन रिकामं झालं की आतली ताटली आणि काच स्पिरिटने पुसावी लागते. दोन वर्षांपूर्वी असं पुसताना तीनदा भोंगा वाजला, तीनदा सहाही गोळे विझले, सगळ्या हिऱ्यांत रेघा. मालक तेव्हा हॉलमध्ये येऊन जे बोलले ते मी इथे लिहून घेऊ शकत नाही.

पुसायला वेगळी खोली द्या, नाहीतर सेन्सर हलवा, असा अर्ज भाऊजींनी दोनदा केला आणि मी एकदा. मॅनेजर साहेबांनी प्रत्येक वेळी "बघू" म्हटलं. शेवटी आमची आम्ही पद्धत पाडली. पुसताना शिडीवर चढून सेन्सरवर रबरी हातमोजा चढवायचा, रबर लावायचं, पुसून झालं, वाफ गेली, की वीस मिनिटांनी काढायचा. आम्ही त्याला नुसतं 'मोजा' म्हणतो. हे चूक आहे हे आम्हाला ठाऊक होतं. मॅनेजरांनाही ठाऊक होतं. त्यांनी एकदा शिडी धरलेली आहे.

मोजा विसरू नये म्हणून भाऊजींनी नियम केला. ज्याने चढवला त्यानेच काढायचा. आणि चढवताना जोडीतला दुसरा मोजा एप्रनच्या उजव्या खिशात ठेवायचा. खिशात हात गेला की तो लागतो आणि वरचा आठवतो. काढला की दोन्ही मिळून कचऱ्यात टाकायचे. दीड वर्ष हा नियम एकदाही चुकला नाही. बाहेरच्यांना पोरकटपणा वाटेल, पण आमचा त्यावर गाढ विश्वास होता.

आता ९ तारखेचं. पाच नंबरच्या मशीनचा गोळा तीन दिवसांपासून वेगळा दिसत होता. कडेची हिरवट झाक जाऊन जांभळी झाक आली होती. याचा अर्थ कुठून तरी हवा आत शिरते आहे. हवेतला नायट्रोजन चिमूटभर जरी गेला तरी हिरा भराभर वाढतो, पण तपकिरी होतो. भाऊजींनी काळ्या काचेतून एकदा बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, मागच्या जोडातून ओढतोय." त्यांनी ६ तारखेलाच मशीन बंद करायला सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाले, वाढ जोरात आहे ना, मग खेप पुरी होऊ द्या. खेप ९ तारखेला सकाळी साडेदहाला पुरी झाली. पाच नंबर बंद केलं. बाकीची पाचही चालू होती, त्यामुळे हायड्रोजनची मुख्य झडप बंद करता येत नव्हती. फक्त पाच नंबरची छोटी झडप बंद करून मागचा जोड उघडायचा, आतली चकती, म्हणजे गळती थांबवणारा वॉशर, बदलायची, असं ठरलं. छोटी झडप जुनी होती. ती पुरती बसली नाही तर हायड्रोजन बाहेर येणार, म्हणून अशा कामाला सेन्सर उघडा असणं फार गरजेचं.

सकाळी पावणेअकराला मी स्वतः शिडीवर चढून सेन्सरवर मोजा चढवला. उजव्या हाताचा. डावा माझ्या एप्रनच्या खिशात ठेवला. भाऊजी तेव्हा वर्कशॉपमध्ये नवी चकती शोधत होते, जाताना मला म्हणाले, "तुमचं पुसून होऊ द्या, मग मी हात घालतो." मी पाच नंबर पुसलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पुसून झालं. वीस मिनिटं थांबायचं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मॅनेजर घाईघाईने आले. पाहुणे आले होते, सहा जण, माल घेणारे. मालकांनी सांगितलं होतं की हिरा कसा वाढतो ते वहिनींनी सांगायचं, त्या छान सांगतात. मॅनेजर म्हणाले, "तो एप्रन काढून या, डाग पडलेत." मी एप्रन काढला आणि कपडे बदलायच्या खोलीत चार नंबरच्या खुंटीला अडकवला. केस नीट केले. हेही लिहा. मला बरं वाटलं होतं. अकरा वर्षांत पाहुण्यांसमोर बोलायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

बैठकीची खोली हॉलपासून दोन दारं पलीकडे आहे. तिथे मी अकरा वाजून वीस मिनिटांपासून बोलत होते. वर जे सांगितलं तेच, पण ऐटीत. मी म्हणाले, "लोकांना वाटतं कार्बन महत्त्वाचा. कार्बन काय, कुठेही मिळतो. खरी राखण हायड्रोजन करतो. बाई तांदळातले खडे निवडते तसा तो काजळी निवडून काढतो." पाहुणे हसले. मालक हसले. मीही भाव खाल्ला, कशाला नाकारू.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी भिंतीवरचा आतला फोन वाजला. मॅनेजरांनी उचलला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमचे दीर. लवकर आटपा." पलीकडून भाऊजी म्हणाले, "वहिनी, मोजा काढलात ना?"

मी उजवा हात कमरेशी नेला. खिसा असतो तिथे. हाताला काही लागलं नाही. म्हणजे मोजा काढला, दोन्ही कचऱ्यात टाकले, असं मला त्या क्षणी शंभर टक्के वाटलं. अंगावर एप्रनच नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सहा जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो हो, काढलाय."

भाऊजी बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

या फोनचा पहिल्या जबाबात उल्लेख नाही. तेव्हा मला तो महत्त्वाचा वाटला नाही. आतल्या फोनची कुठे नोंद होत नाही. भाऊजी काय बोलले ते फक्त मी ऐकलं, आणि मी काय बोलले ते खोलीतल्या आठ जणांनी ऐकलं, पण त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मॅनेजरांना कळला असावा. त्यांना विचारा.

फोननंतर मी पुन्हा बोलायला लागले. एका पाहुण्याने विचारलं, एवढा हायड्रोजन, तुम्हाला भीती नाही वाटत? मी म्हणाले, "वर सेन्सर आहे ना, डोळ्यांत तेल घालून बसलेला." त्यानंतर दोन-तीन मिनिटांत, अकरा वाजून बावन्न मिनिटांनी, स्फोट झाला. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण समोरचं घड्याळ भिंतीवरून खाली आलं आणि तिथेच बंद पडलं.

मी हॉलकडे धावले. आतलं छत खाली आलं होतं, हवेचा पत्र्याचा मोठा नळ आडवा पडला होता, आणि गॅस बंद करायचं लाल बटण त्याच्या मागे गेलं होतं. दोन कामगार फवारे घेऊन आत शिरत होते. मी त्यांना ओरडून अडवलं. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. समोर काही नाही असं वाटून माणूस सरळ आगीत चालत जातो. मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि तो पुढे धरून एक-एक पाऊल टाकत गेले. पाच नंबरच्या मागे झाडूचं टोक आपोआप पेटलं. तिथे ज्योत होती. ज्योतीच्या अलीकडे, मशीन आणि भिंतीच्या मधे, भाऊजी होते. शिडी त्यांच्याजवळच पडली होती, पण ती मिटलेली होती. म्हणजे ते वर चढलेले नव्हते.

मी मागे फिरून बाहेर गेले आणि सिलिंडरची मुख्य झडप हाताने बंद केली. परत आले तेव्हा झाडू पेटला नाही. मग आम्ही त्यांना बाहेर काढलं. श्वास चालू होता. बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. रुग्णालयाच्या वाटेवर गाडीतच गेले. मी त्यांच्या पायाशी बसले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता तुमच्या माणसांना सेन्सरवर वितळून चिकटलेला रबराचा गोळा सापडला. मला विचारलं. मी सांगितलं, "माझा मोजा मी काढला होता. भाऊजींनी स्वतःच्या कामासाठी पुन्हा चढवला असावा." हीच ती दोन वाक्यं. दोन्ही माझी आहेत, कोणी माझ्या तोंडात घातली नाहीत. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं. मी खिशाशी हात नेऊन बघितलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी स्फोटाच्या जागेवर मॅनेजर भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दोन नंबरमधल्या हिऱ्याच्या चकत्यांचा. वाचल्या का? वाचल्या होत्या. स्फोट छताशी झाला, मशीनं आतून शाबूत राहिली. रेघ तेवढी पडली. ते चुकचुकले. भाऊजींचं पान तेव्हा जमिनीवर पडलेलं होतं, मीच ते उचलून जाऊला नेऊन दिलं. पान म्हणजे पाना, नट आवळायचा. इथे 'पाना' असं दुरुस्त करा.

११ तारखेला फाटकावर कंपनीची सूचना लागली. त्यात 'मृत कर्मचाऱ्याने सुरक्षा यंत्रणा झाकून ठेवल्यामुळे' असं छापलं आहे. माझ्या दोन वाक्यांचं त्यांनी हे केलं. फाटकाशी लोक बोलायला लागले. एवढा शहाणा माणूस, स्वतःच्या हाताने मेला आणि कारखानाही घेऊन चालला होता, असं. माझे पती जेवायला बसले की रोज एकच बोलत, "तो विसरणारा नव्हता गं. तो कसा विसरला?" मी वाढत होते आणि हो म्हणत होते.

१३ तारखेला कंपनीच्या माणसाने खुंटीवरचं माझं सामान घरी आणून दिलं. चपला, डबा, एप्रन. एप्रन धुवायला टाकण्याआधी मी सवयीने खिशात हात घातला. डाव्या हाताचा मोजा लागला.

मी मोरीत किती वेळ बसून राहिले ते सांगता येणार नाही. नळ चालू होता. पतींनी बाहेरून विचारलं, काय झालं? मी म्हणाले, साबणाचं पाणी डोळ्यात गेलं.

१४ तारखेला सकाळी दहा वाजता मॅनेजर आमच्या घरी आले. पती कामावर गेले होते. मॅनेजर म्हणाले, "वहिनी, तुमचं तेवढं वाक्य पक्कं ठेवा. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार आहे? तुमची दोन्ही घरं वसाहतीतच राहतील, आणि जाऊबाईंना आम्ही पॅकिंगला घेऊ." फोनबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "फोन काय, कोणाचाही येतो." मला त्या वेळी त्या माणसाच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी त्यांना चहा दिला. मी गप्प राहिले ते त्यांच्या धाकाने नाही, हे लिहा. मी माझ्या भीतीने गप्प राहिले. तुरुंगाची भीती मला तेवढी वाटली नाही. मला भीती होती ती पतींच्या तोंडाकडे बघायची, आणि जाऊच्या.

काल, १७ तारखेला, संध्याकाळी सहा वाजता भाऊजींची मुलगी माझ्याकडे आली. वय बारा. शाळेतून येताना तिने फाटकावरची सूचना वाचली होती. तिने विचारलं, "काकू, बाबा मोजा काढायला विसरले का?" मी म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मग तिथे खोटं लिहिलंय?" मी म्हणाले, "हो." ती म्हणाली, "मग तू सांग ना त्यांना." म्हणून मी आले.

तो डाव्या हाताचा मोजा मी आज सोबत आणला आहे. तो पंचांसमक्ष टेबलावर ठेवला आहे. मनगटाशी 'लहान' असा शिक्का आहे. हॉलमध्ये लहान मोजे वापरणारी मी एकटीच. भाऊजींना सगळ्यात मोठाही घट्ट व्हायचा, बोटांच्या टोकाशी फाटायचा. त्यांना दुसऱ्यांदा मोजा चढवायचा असता तर त्यांच्याही खिशात जोडीदार सापडला असता. त्यांच्या खिशात काय काय सापडलं ती यादी तुमच्याकडे आहे. पेन्सिल, नवी चकती बसवल्यावर उरलेली जुनी चकती, आणि साबणाच्या पाण्याची छोटी बाटली. जोड गळतोय का ते बघायला ती बाटली लागते. म्हणजे ते शेवटपर्यंत तपासतच होते. यादीत मोजा नाही.

तरी माझं म्हणणं असं की, सेन्सरवरचा मोजा मी चढवला, मी काढला नाही, आणि भाऊजींनी विचारल्यावर मी काढला असं सांगितलं. त्यांनी काहीही झाकलं नाही. कामाआधी विचारून घेतलं. त्यांची चूक एवढीच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या पहिल्या जबाबातली ती दोन वाक्यं मी मागे घेते. खोली दिली नाही, सेन्सर हलवला नाही, सहा मशीनं एकाच भोंग्याला बांधली, हे मालकांचं आहे आणि त्याचा जाब त्यांनी द्यावा. पण ते पुढे करून मला माझं झाकायचं नाही. झाकाझाकी एकदा झाली तेवढी पुरे.

एक विनंती आहे. बाहेरच्या बाकावर माझे पती आणि माझी जाऊ बसले आहेत. कंपनीविरुद्ध काहीतरी सांगायचं आहे एवढंच मी त्यांना सांगून आणलं आहे. वरचं काहीही त्यांना माहीत नाही. घरी तीनदा सांगायला गेले, तोंड उघडलं आणि भाजीला मीठ आहे का असं विचारलं. नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवायचाच असतो. तो दार उघडं ठेवून, मोठ्याने वाचावा. साहेबांनी ही विनंती मान्य केली.

जबाब चार वाजून पस्तीस मिनिटांनी दार उघडं ठेवून मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी तो ऐकला. नंतर माझे पती उठून ठाण्याच्या फाटकाकडे चालत गेले. माझी जाऊ आत आली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. ती मला म्हणाली, "ताई, फोनवर ते नुसतं बरं म्हणाले?"

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, "नुसतं बरं म्हणून त्यांनी जन्मात फोन ठेवला नाही. खरं सांगा."

म्हणून या जबाबात पुढील दुरुस्ती मी माझ्या राजीखुशीने सांगत आहे. 'भाऊजी बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला' हे वाक्य खोडावं. त्याऐवजी असं लिहावं: भाऊजी म्हणाले, "मी शिडी लावतच होतो वर बघायला. पण तुम्ही काढलाय म्हणताय ना, मग नाही चढत."

दुरुस्ती जाऊसमोर पुन्हा वाचून दाखवली. आता जबाब पुरा आहे आणि खरा आहे. खाली माझी सही.